घरातलीच हत्यारं, वाकळीच्या कामाला

वाकळीच्या, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेल्या गोधडीच्या, थरांविषयी या सदरात लिहिल्यापासून येणाऱ्या पत्रांत एक विचारणा पुन्हा पुन्हा दिसते. रजईकामाच्या व्हिडिओंत दाखवलेली साधनं महाग असतात, जवळच्या दुकानांत मिळतही नाहीत. मग घरातलं काय चालेल? बरंच चालतं. वस्तू हाती घेताना एवढंच पाहायचं की तिचं माप खरं आहे का, तिचा कापडावर डाग राहील का आणि तिच्यामुळे सुई गंजेल का. आपल्याकडच्या पावसात हे शेवटचं अजिबात विसरून चालत नाही.

घराच्या कामातून उरलेली बारा बाय बाराची फरशी ठेवून मी चौकोन कापते. ते एकमेकांना जुळतात, पण टेपने मोजून कापलेली १२ इंची पट्टी त्यांना जोडायला घेतली की लांब पडते. शिवाय सगळी ओळ जोडून झाल्यावर ठरवल्यापेक्षा दोनेक सेंटिमीटर कमी भरते. मशीन चुकतंय का?
(राजारामपुरी)

मशीन बरोबर आहे, ताई. इथे दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत.

पहिली फरशीची. दुकानात जिला बारा बाय बारा म्हणतात ती फरशी ३०० मिलिमीटरची बनवलेली असते. खरे १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. तुमची पट्टी लांब पडते ती या जवळजवळ ५ मिलिमीटरमुळे. म्हणून फरशी टाकून देऊ नका. ती जड असते, सरकत नाही आणि तिची कड सरळ असते, म्हणजे आखायला उत्तमच. फक्त एका वाकळीत एकच माप ठेवा. चौकोन फरशीने कापले तर पट्टीची लांबीही त्याच फरशीला लावून घ्या. वापरण्याआधी दोन्ही कर्ण मोजा: ३०० मिलिमीटरच्या फरशीचे ते साधारण ४२४ मिलिमीटर आणि एकमेकांना समान भरले पाहिजेत. कर्णांत फरक असेल तर फरशी काटकोनात नाही. कडेचा टवका उडालेली फरशीही नको, तिथे खडू आत घसरतो. खालच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवले तर गुळगुळीत कापडावरही ती हलणार नाही. कापडी किंवा रेक्झिनचा टेप जुना झाला की ताणला जातो, तेव्हा तोही एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा.

दुसरी चूक मायेची, म्हणजे शिलाईच्या बाहेर कडेला सोडलेल्या कापडाची. पाव इंच माया धरली आणि प्रत्यक्षात शिलाई १ मिलिमीटर आत गेली, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं मिळून २ मिलिमीटर कापड जातं. दहा जोडांत २ सेंटिमीटर. तुमची ओळ नेमकी तेवढीच कमी भरते आहे.

हे तपासायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबी सहाएक इंच पुरे. शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जाते आहे, जास्त भरली तर कमी.

जुन्या पद्धतीच्या काळ्या मशीनच्या पाट्यावर (सुईखालच्या सपाट भागावर) रेघा नसतात, आणि प्रेशर फूटची कड म्हणजे पाव इंच असं धरून चालायचं नाही. त्यासाठी शाळेच्या आलेखवहीचा कागद घ्या. उजवीकडची कड एका रेघेवर सरळ कापा. तिच्यापासून आत ६ मिलिमीटरच्या रेघेवर हाताने चाक फिरवून सुई टेकवा, फूट खाली घ्या आणि कागद सरळ आहे ना ते पाहा. मग कागदाच्या कडेला लागून पाट्यावर औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी लावा, एकावर एक पाच-सहा थर. तयार झालेल्या त्या उंचवट्याला कापड टेकवून शिवायचं. पाव इंच म्हणजे खरं तर ६.३५ मिलिमीटर, आपण ६ धरतो, कारण जोड उलटून इस्त्री करताना दोऱ्याच्या आणि घडीच्या जाडीत तेवढं कापड जातंच. चिकटपट्टी कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर येऊ देऊ नका आणि बॉबिनची सरकपट्टी मोकळी ठेवा. बऱ्याच काळ्या मशीनना सुईच्या उजवीकडे पाट्यावर आट्यांची भोकं असतात, ती मार्गदर्शक पट्टीसाठीच दिलेली आहेत. तुमच्या मशीनला असतील तर सुट्या भागांच्या दुकानात स्क्रूसकट पट्टी मागा. ती चिकटपट्टीपेक्षा कायमची सोय.

गडद इरकल लुगड्यांच्या वाकळीवर धावदोऱ्याच्या ओळी आणि नक्षी आखायची आहे. खडू लगेच झडतो, पेनाचा डाग जात नाही.
(गडहिंग्लज)

गडद सुती कापडावर साबणाइतकं चांगलं काहीच नाही. आंघोळीच्या पांढऱ्या साबणाचा झिजून चपटा झालेला तुकडा आठ-दहा दिवस वाऱ्यावर वाळवा आणि सुरीने त्याची कड पातळ तासून घ्या. रेघ बारीक येते, हात लागून लगेच पुसत नाही आणि पहिल्या धुण्यात पूर्ण जाते. पारदर्शक ग्लिसरीनचा साबण नको, तो पुरता वाळत नाही. मलईयुक्त साबणही नको, त्यातला तेलकट अंश रेशमावर डाग ठेवतो. आणि साबणाच्या रेघेवर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका. उष्णतेने साबणातला स्निग्ध अंश धाग्यात मुरतो.

फिक्या कापडासाठी फराळाच्या डब्यातलं करंजीचं कातणं काढा. कापडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून पट्टीच्या कडेने कातणं दाबून फिरवलं की कापडात दबलेली रेघ उमटते. रंग नाही म्हणजे डागाचा प्रश्नच नाही. सुती कापडावर ती तासभर सहज दिसते, सिंथेटिकवर मात्र टिकत नाही. कातणं पितळेचं असेल तर आधी चिंचेने घासून पूर्ण कोरडं करा, नाहीतर त्याचा हिरवा कळंक कापडाला लागेल.

नक्षीसाठी रांगोळीचे जाळीदार छापे वापरा. कमळं, कुयऱ्या, वेली, हवं ते मिळतं. छाप्यातून रांगोळी मात्र घालू नका. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिचे कण खरखरीत असतात आणि कापडावर धरत नाहीत. पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड किंवा टाल्कम पावडर मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि छाप्यावर हलकेच थोपटा. घासलं तर पूड छाप्याखाली पसरते. पूड झडतेच, तेव्हा हातभर भागच छापायचा, तो शिवायचा, मग पुढचा. मनासारखा छापा मिळाला नाही तर जाड कागदावर नक्षी काढा आणि मशीनला दोरा न ओवता जुन्या सुईने रेघेवरून शिलाई मारा. भोकांचा छापा तयार.

रंगीत रांगोळी, गुलाल आणि नीळ यांना हातही लावू नका. हे रंग सुती कापडातून पूर्ण निघतीलच असं नाही.

वाकळीचे पाच थर झाले की सुई ढकलताना बोट फुटतं. पत्र्याचं अंगुस्तान बोटातून निसटतं. दुसरं काही?
(भुदरगड तालुका)

चामड्याचं घाला. चपला बनवणाऱ्या कारागिरांकडे कातरणीचे तुकडे पडलेले असतात. तळाचं जाड चामडं नको. वरच्या पट्ट्यांचं, एक ते दीड मिलिमीटर जाडीचं मागा. मधल्या बोटाचा घेर दोऱ्याने मोजा. घेर ६ सेंटिमीटर असेल तर निम्मे ३, अधिक दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर, म्हणजे ३.६ सेंटिमीटर रुंद आणि ३.५ सेंटिमीटर लांब असे दोन तुकडे कापा. एक टोक नखासारखं गोल करा. भोकं आधी दाभणाने पाडा, मग दुहेरी दोऱ्याने तीन बाजू शिवा. सुईचं नेढं जिथे टेकतं तिथे आतून आणखी एक लहान तुकडा चिकटवा.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं असतं. असं चामडं ओलं असताना वाकतं आणि वाळलं की तोच आकार धरतं. तेव्हा शिवून झालेलं अंगुस्तान पाचेक मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, बोटात घालून पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग काढून सावलीत वाळवा. पुढे ते निसटत नाही. एक काळजी मात्र घ्या: ओल्या चामड्यात सुई टोचून ठेवू नका आणि घामाने भिजलेलं अंगुस्तान फिक्या कापडावर विसरू नका. या चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाईसारखा काळा डाग पडतो.

अडकलेली सुई ओढायला बँकेत नोटा मोजताना घालतात ती रबरी टोपी पहिल्या बोटात घाला. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चिमटीत चांगला धरतो, पण काळं रबर पांढऱ्या कापडाला घासलं तर मळकट खूण राहते. आणि थर मांडतानाच काठावर काठ येऊ देऊ नका. काठाची वीण घट्ट असते, तिथे दोन काठ एकावर एक आले की कुठलंही अंगुस्तान कमी पडतं.

पावसाळ्यात सुया आणि टाचण्या गंजतात. पिनकुशनमध्ये काय भरावं? कुणी मीठ सांगतं, कुणी तांदूळ, कुणी भांडी घासायचा तारेचा चोथा.
(गगनबावडा)

तिन्ही नकोत. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंड सर्वांत लवकर गंजवतं. तांदूळही दमट होतात, वर पोरकिडे येतात. तारेचा चोथा कोरड्या हवेत ठीक, पण तुमच्याकडच्या पावसात तो स्वतःच गंजून सुईला गंज लावेल.

लोकर भरा. फाटक्या घोंगडीचा तुकडा यासाठी फार चांगला, कारण मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक स्निग्धता असते आणि तिचा पातळ थर सुईला लागत राहतो. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. तशीच भरली तर ती ओल धरते आणि किडेही येतात. आधी थंड पाण्यात दोन-तीनदा बुचकळून खळ काढा. साबण लावू नका, नाहीतर स्निग्धताही जाईल. कडक उन्हात वाळवून बारीक कातरा आणि घट्ट विणीच्या कापडाच्या पिशवीत ठासून भरा. सैल भरलेल्या उशीत सुया पार आत जातात आणि नंतर बोटाला टोचतात. घोंगडी नसेल तर कंगव्यात निघालेले तेलकट केसही चालतात. पूर्वी अशा उशा सर्रास करत.

नेहमी न लागणाऱ्या सुया फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. हाताची सुई किंचित गंजली असेल तर बारीक पॉलिश पेपरमध्ये धरून ओढा. मशीनची सुई गंजली की सरळ टाकून द्या. तिची खाच खरखरीत झाली की दोरा तुटत राहतो. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग पडलाच तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. रंगीत कापडावर हा उपाय करू नका, रंगही उडतो.

मशीनला घरातलं खोबरेल घालते. उन्हाळ्यात छान चालतं, थंडीत सकाळी चाकच फिरत नाही.
(कागल)

खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं. थंडीत आपल्याकडे रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास उतरतं, म्हणजे सकाळी मशीनच्या प्रत्येक सांध्यात ते घट्ट होऊन बसलेलं असतं. दुपारी ऊन वाढलं की तेच मशीन हलकं चालत असेल. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल हा त्यावर उपाय नव्हे. ही तेलं हवेने चिकट होतात, करडईचं तर वाळून पापुद्रा धरतं.

आता सफाई करा. मोटर असेल तर प्लग काढा. सुई, दोरा, बॉबिन केस काढून घ्या. जुन्या टूथब्रशने शटलभोवतीचा आणि दात्यांखालचा कापूस काढा. दात्यांखाली तो दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला असतो, सुईच्या टोकाने उचकटावा लागेल. तोंडाने फुंकू नका, श्वासातली ओल आत जाते. मग तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा आणि हाताने चाक पाच मिनिटं मागेपुढे फिरवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा दिवा नको. वादीवर आणि मोटरवर रॉकेल जाऊ देऊ नका. खाली ओघळलेलं काळं तेल फडक्याने टिपून मशीन तासभर तसंच ठेवा, नंतर प्रत्येक भोकात मशीनचं पांढरं तेल एक-एक थेंब. शेवटी चिंधीवर रिकामी शिलाई मारत राहा, चिंधीवर तेलाचा डाग उमटेनासा होईपर्यंत. नव्या कापडाला हात त्यानंतरच.

वाकळ टाचताना मधला थर गोळा होतो. सेफ्टी पिना लावल्या तर रेशमी साडीला भोकं पडतात.
(इचलकरंजी)

सगळे थर आधी धुऊन घ्या, नवं सुती कापड तर नक्कीच. ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर जुन्या साडीला चुण्या पडतात. सिंथेटिक साडी दोन सुती थरांच्या मध्ये घाला. दोन गुळगुळीत थर एकमेकांवर आले की घसरणारच.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर उलटा पसरा आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला लावा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून लावलं तर सोडल्यावर आखडतं. पुढचा प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने निपटत पसरा आणि वजनं ठेवा. स्टीलच्या वाट्यांत वाळू भरून चालेल. त्याहून चांगले म्हणजे उद्यमनगरात मिळणारे जाड लोखंडी वायसर. त्यांना कारखान्याचं तेल असतं, तेव्हा आधी कपडे धुण्याच्या पावडरने धुवा, वाळवा आणि प्रत्येकावर जुन्या कापडाची खोळ शिवा.

रेशमाला पिना नकोत. बारीक सुई आणि एकेरी सुती दोरा घेऊन लांब कच्चे टाके घाला, मधून सुरुवात करून चारी दिशांना. दोन ओळींत चार बोटांचं अंतर पुरे. कडेपासून आत शिवत येण्याची पद्धत सुंदर दिसते, पण कच्चे टाके विरळ असतील तर सगळा सैलपणा सरकत मध्ये येतो आणि तिथे फुगा धरतो. तुमचा मधला थर गोळा होतो तो बहुधा यानेच. गोट लावताना कडेला कपड्यांचे चिमटे किंवा केसांचे टकटक क्लिप लावा. आठ-दहा पुरतात, शिवत जाल तसे पुढे सरकवा. तारेची स्प्रिंग गंजलेला चिमटा तेवढा बाजूला काढा.

थोडक्यात

गोल ठिगळं एकसारखी कशी कापावीत? (शुक्रवार पेठ) बांगड्यांनी. बांगडीच्या मापात टिंबानंतरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. २.४ म्हणजे आतला व्यास २ पूर्णांक ४/१६, अर्थात सव्वादोन इंच, २.८ म्हणजे अडीच. २.२ आणि २.१० या दोन मापांत व्यासाचा फरक बरोबर अर्धा इंच, म्हणजे चहूबाजूंनी पाव इंच माया आपोआप मिळते. २.२ च्या आतून पुठ्ठ्याची चकती आखा, २.१० च्या आतून कापड. कापडाच्या कडेपासून ३ मिलिमीटरवर धावदोरा घाला, मध्ये चकती ठेवून दोरा ओढा, इस्त्री करा आणि चकती काढून घ्या. पुठ्ठा लग्नपत्रिकेचा असेल तर चकचकीत नको, इस्त्रीखाली तो कापडाला चिकटतो. प्लॅस्टिकच्या बांगड्यांचं माप आधी पट्टीने तपासा.

जोड इस्त्री करूनही फुगलेला राहतो. (कळंबा) कपडे धुताना बडवायचं लाकडी धोपाटणं वापरा. रंग किंवा पॉलिश न लावलेलं, कोरडं आणि सपाट. जोडावर वाफेची इस्त्री फिरवली की लगेच धोपाटणं ठेवून दहा-पंधरा सेकंद दाबा. आपटायचं नाही. लाकूड वाफ शोषून घेतं आणि जोड दाबात असतानाच थंड होतो, म्हणून चपटा राहतो.

दोऱ्याला मेणबत्ती लावली तर? (जयसिंगपूर) जाड सुती वाकळीला चालेल. दोरा मेणावरून दोनदा ओढा आणि कागदात धरून इस्त्री फिरवा, म्हणजे मेण आत मुरेल आणि जास्तीचं कागदाला लागेल. रेशमावर मात्र मेणबत्तीचं मेण तेलकट ठिपके ठेवतं. मधमाशीचं मेण मिळालं तर ते अधिक चिवट.

पिझ्झा कापायच्या चाकाने कापड कापता येईल? (ताराबाई पार्क) नाही. त्याला वस्तऱ्यासारखी धार नसते, कापड दाबलं जातं आणि धागे ओढले जातात.

ॲल्युमिनियमची फॉइल कापली की कात्रीला धार येते का? (हुपरी) फॉइलने पात्यावरचा चिकटपणा जातो आणि कड थोडी गुळगुळीत होते, एवढंच. १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू बाहेर ठेवून दुमडा आणि बुडापासून टोकापर्यंत आठ-दहा वेळा कापा. धारेवरचे बारीक खरखरीत कंगोरे निघतील. खरी धार धार लावणाऱ्याकडूनच लावून घ्या. पण आधी कात्रीचा स्क्रू पाहा. कापड पात्यांत दुमडून अडकत असेल तर पुष्कळदा धार शाबूत असते आणि पाती एकमेकांपासून सैल झालेली असतात. स्क्रू पाव आटा आवळून, एक थेंब तेल देऊन, ओल्या मलमलीवर टोकाने कापून बघा.